सतरा आकड्यांचा आहेर

आमच्या डोंबिवलीच्या नावाची एक संख्या आहे असं कोणालाही सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला : "कोणती? पिनकोड?" पिनकोड ४२१२०१ आहे, पश्चिमेला राहत असाल तर ४२१२०२, आणि दोन्हींत छाती फुगवण्याजोगं काही नाही. समोरचा जरा वयस्कर असला तर "शून्य दोनशे एक्कावन्न ना?" म्हणतो आणि घरी पहिला फोन यायला किती वर्षं वाट पाहावी लागली ते सांगत बसतो. एकाने तर नुसतं "आठ सतरा" म्हटलं. ती त्याची रोजची लोकल. त्याच्या लेखी जगात दुसरी संख्याच नाही.

डोंबिवलीकराला गावाचा अभिमान फार. पण त्या अभिमानाची हद्द आखलेली आहे. गुढीपाडव्याची शोभायात्रा इथून सुरू झाली, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर तरुणाई नटून उभी राहते. इथे अभिमान संपतो आणि खड्डे सुरू होतात. या यादीत एका सतरा अंकी संख्येची भर पडावी एवढीच माझी माफक इच्छा होती.

संख्या अशी : १२३४५६७८९८७६५४३२१.

एकपासून नऊपर्यंत चढते, नवावरून पुन्हा एकावर उतरते. सुलटी वाचा, उलटी वाचा, तीच. हिच्या घराण्याला 'डेमलो संख्या' म्हणतात. नाव ठेवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण ठाण्याला आणि पुण्यात फर्ग्युसनला. आणि मग १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर. डेमलो म्हणजे आपली डोंबिवली, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरचं, मुंबईहून तीस मैलांवरचं स्टेशन. या संख्यांची कल्पना त्यांना या स्टेशनात सुचली, म्हणून त्यांनी स्टेशनाचंच नाव दिलं. डोंबिवली स्टेशनात माणसाला काही सुचू शकतं, ही मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते. मला तिथे आजवर एकच गोष्ट सुचलेली आहे : फलाट बदलला, पळा.

पुढे १९३९ साली गुंजीकर आणि कापरेकर या दोघांनी मिळून या संख्यांवर लेख लिहिला आणि तो मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. म्हणजे आमचं स्टेशन गणितात जाऊन पोचलं आहे, तेही मेगाब्लॉकविना. हे वाचल्यावर मला राहवेना. सुरुवात घरापासून केली.

"एक अकरा कोटी अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा घे," मी म्हटलं.

"कशाला?" ही भाजी निवडत होती.

"त्याला त्यानेच गुण."

"त्याने काय होईल?"

"बघ तर खरी."

दुधाच्या हिशेबाचा कॅल्क्युलेटर शेजारीच होता. तिने निवडलेली मेथी एका हाताने बाजूला सारून नऊ वेळा एक दाबला, गुणिलेचं चिन्ह दाबलं, पुन्हा नऊ वेळा एक दाबला आणि मग बरोबर. कॅल्क्युलेटरने बारा खान्यांच्या कोपऱ्यात एक इंग्रजी ई काढला आणि हात वर केले. त्यानंतर तो कोणतंच बटण ऐकेना.

"बिघडवलात ना?" ही म्हणाली. "कालच सेल घातले होते."

मोबाइलचा कॅल्क्युलेटर जास्त शिकलेला. त्याने एक, मग टिंब, मग पुढचे आकडे दिले आणि शेवटी ई सोळा. या ईचा अर्थ टिंब सोळा घरं उजवीकडे सरकवा असा होतो, हे मी हिला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तो प्रश्न विचारला, जो पुढे मला सगळ्या डोंबिवलीने विचारला : "पण याचा उपयोग काय?"

मी म्हटलं, अगं ही केवढी मोठी आहे कल्पना तरी कर. एका सेकंदाला एक असं एकपासून मोजत बसलं, तर इथवर पोचायला एकोणचाळीस कोटी वर्षं लागतात. "बसा मग," ती म्हणाली. "जाताना दळण टाकून जा."

बाहेरच्या जगात गणिताची कदर असेल या आशेने मी विषय लोकलमध्ये काढला. आमच्या डब्यात आमचा ग्रुप आहे आणि ग्रुपचे तात्या आहेत. कोणी कुठल्या स्टेशनपर्यंत बसायचं, मग उठून कोणाला जागा द्यायची, हे सगळं तात्यांच्या डोक्यात पक्कं. त्यांच्याकडे कागदी वर्तमानपत्र असतं. त्याच्या समासात मी गुणाकार मांडायला घेतला. नऊ एकांची एक ओळ. तिच्याखाली तीच ओळ, एक घर डावीकडे सरकवून. तिच्याखाली पुन्हा तीच, आणखी एक घर सरकवून. अशा नऊ ओळी. गाडीने हिसका दिला तेव्हा सातव्या ओळीचे तीन एक वाकडे पडले, पण एकंदर जिना नीट दिसत होता.

"आता उभ्या बेरजा करा," मी म्हटलं. "सगळ्यांत उजवीकडे एकच एक आहे. पुढच्या रांगेत दोन एक. मग तीन. असं करत मधल्या रांगेत नऊ. आणि तिथून पुढे ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा. कुठेही हातचा येत नाही. म्हणून उत्तर चढतं आणि उतरतं."

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ समास पाहिला.

"ही तर आपली गाडी आहे," ते म्हणाले.

मंडळी पुढे वाकली.

"सुटताना एक माणूस. मग दोन. मग तीन. ठाण्याला नऊ, खच्चून. मग घाटकोपर, कुर्ला, दादर उतरत उतरत सीएसएमटीला पुन्हा एक. आणि तो झोपलेला असतो."

या संख्येवर मी जेवढं वाचलंय त्यात इतकं स्वच्छ स्पष्टीकरण कुठे सापडलेलं नाही. पण आमच्या बाकाच्या टोकावर, तीन माणसांच्या जागेत चौथा होऊन, एक अष्टमांश देहाने टेकलेला एक तरुण होता. तो म्हणाला, "काका, दहावा चढला तर?"

हाच खरा गणिती प्रश्न. नऊऐवजी दहा एक घेतले तर काय होतं? समास संपला होता, म्हणून शोकसंदेशांच्या पानावर एक मोकळी चौकट शोधून मी दहा ओळींचा जिना मांडला. आता मधल्या रांगेत दहा एक येतात. दहा काही एका घरात बसत नाहीत. मग शून्य मांडायचं आणि हातचा एक डावीकडच्या शेजाऱ्याला द्यायचा. शेजारी आधीच नऊ आहे. तो दहा होतो. तोही शून्य होऊन बसतो आणि हातचा पुढे ढकलतो. पुढे आठ उभा आहे. त्याचा नऊ होतो, आणि तिथे एकदाचा गोंधळ थांबतो. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. पूर्वार्धात सातच्या पुढे थेट नऊ. आठ गायब!

"बघा," तात्या त्या तरुणाकडे बोट दाखवून म्हणाले, "दहावा चढला की आठवा उडाला. म्हणून मी म्हणतो, चौथी सीट द्यायची नाही."

तरुण उठून उभा राहिला. त्याचं मला वाईट वाटलं, पण गणितापुढे इलाज नसतो. त्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून मी त्याला सांगितलं, की नुसत्या अकरा कोटीवाल्या संख्येला नवाने भागलं तरी १२३४५६७९ येतं. तिथेही आठ नाही.

"आठची गाडी रोजच रद्द असते," तो म्हणाला.

मंडळींची भूक आता चाळवली होती. तेव्हा मी कापरेकरांची सर्वांत गाजलेली ६१७४ बाहेर काढली. १९४९ची गोष्ट. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, त्यातून लहानाकडून मोठ्याकडे मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि एकदा आली की हलत नाही. कापरेकरांचं स्वतःचं जन्मवर्ष १९०५ घेतलं तर पुऱ्या सात पायऱ्या लागतात : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४.

डब्यात शांतता पसरली. जो तो मोबाइलवर वजाबाक्या करू लागला. दोघेजण एकमेकांकडे पाठ करून, पडदा हाताने झाकून करत होते. चार अंकी संख्या घ्या म्हटल्यावर माणसाला कोणती संख्या आठवणार?

"माझी ६१७४ आली," एकजण दबक्या आवाजात म्हणाला.

"माझीपण," दुसरा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचे चेहरे उतरले.

"म्हणजे आपला दोघांचा पिन फुटला?"

मी परोपरीने समजावलं, की सगळ्यांचीच ६१७४ येते, त्यावरून मूळ संख्या ओळखता येत नाही. व्यर्थ. संध्याकाळी परतताना कळलं, की दोघांनीही दुपारी एटीएमवर जाऊन पिन बदलले. आणि खबरदारी म्हणून नवा पिनही तपासून पाहिला. तो पुन्हा ६१७४ वर गेला. तेव्हापासून ते दोघे माझ्याशी जपून बोलतात.

या वातावरणात आमच्या सोसायटीतल्या अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. आयुष्यात हजार पौर्णिमा पाहून व्हायला ऐंशी वर्षं आणि वर नऊ-दहा महिने लागतात, म्हणून हा सोहळा एक्याऐंशीव्या वर्षात करतात. अण्णा रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. नव्या मोटारीची पूजा चालू असताना लोक नारळ फोडतात, अण्णा नंबरप्लेटला तेराने भाग जातो का ते पाहतात. अण्णांनी आधीच जाहीर केलं होतं : शाल नको, श्रीफळ नको, भिंतीवरचं घड्याळ तर मुळीच नको.

"मग द्यायचं काय?" सेक्रेटरींनी कमिटीत विचारलं.

मी म्हटलं, "एक संख्या देऊ."

खजिनदारांनी पेन उघडलं. "किती रुपये?"

"रुपये नाहीत. नुसती संख्या." आणि मी ती फळ्यावर लिहिली. "हिच्या सतरा अंकांची बेरीज एक्याऐंशी येते. अण्णांच्या वयाचं वर्ष एक्याऐंशीवं. आणि गंमत म्हणजे या संख्येला एक्याऐंशीने निःशेष भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, तिला कापरेकरांनी नाव दिलंय हर्षद."

"हर्षद?" खजिनदार दचकले. "तिसऱ्या मजल्यावरचा? त्याचा चार महिन्यांचा मेंटेनन्स थकलाय. त्याचं नाव कार्यक्रमात घ्यायचं नाही."

त्याच मजल्यावरच्या वहिनींचा अंकशास्त्राचा अभ्यास आहे. त्यांनी डोळे मिटून आठ आणि एक नऊ अशी बेरीज केली. "नऊ. मंगळ," त्या म्हणाल्या. "कार्यक्रम गच्चीवर नको, वारा आहे." या दोन वाक्यांतला संबंध विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

"पण हिचा उपयोग काय?" सेक्रेटरींनी विचारलंच.

कापरेकरांनाही हे भोगावं लागलं. मोठ्या गणितज्ञांनी त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणून बाजूला ठेवलं. मास्तरांच्या पगारात ते स्वतःच्या पुस्तिका स्वतः छापत राहिले. शेवटी १९७५ साली अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला देवळाली कळली. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. आपल्याकडे शेजाऱ्याचा मुलगा हुशार आहे हे अमेरिकेतून पत्र आल्यावरच समजतं. हे सगळं मी कमिटीपुढे बोलणार होतो. पण खजिनदारांनी मध्येच विचारलं, "हे सगळे रुपये असते तर?"

मी हिशेब करून सांगितलं : बारा हजार तीनशे पंचेचाळीस लाख कोटी रुपये. केंद्राचा २०२५-२६चा अर्थसंकल्प पन्नास लाख कोटींच्या आसपास होता. तसे दोनशे चाळीसहून जास्त अर्थसंकल्प एवढ्यात भागतील. खजिनदारांच्या डोळ्यांत त्या दिवशी प्रथमच या संख्येबद्दल आदर दिसला. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "आणि भेट म्हणून द्यायला आपल्याला खर्च किती?"

"शून्य."

ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा एकमेव ठराव. पाण्याच्या टाकीचा अजून लोंबकळतोय.

फक्त संख्या हातात कशी देणार? म्हणून फ्लेक्स करायचं ठरलं. माझा भाचा कॉम्प्युटरवर असतो. म्हणजे काय करतो ते घरात कोणाला माहीत नाही, पण तो त्यावर असतो. निमंत्रितांची यादी, जेवणाची पानं, फ्लेक्सचा मजकूर, सगळं त्याने एकाच स्प्रेडशीटमध्ये घातलं. स्प्रेडशीटचा स्वभाव असा, की ती पंधरा अंकांपर्यंतच लक्ष देते. त्यापुढे कितीही अंक द्या, ती मान डोलावते आणि त्या जागी शून्यं भरते. न विचारता, न सांगता. दुधाच्या कॅल्क्युलेटरने निदान ई काढून हात वर केले होते. या बाईंनी हसतमुखाने आमचे शेवटचे दोन अंक, दोन आणि एक, गिळले आणि दोन शून्यं ठेवून दिली. भाच्याने तिथून उचलून फ्लेक्सवाल्याला पाठवलं.

फ्लेक्सवाल्याचा मला ऑफिसात फोन आला.

"काका, तो नंबर लागत नाहीये."

"कुठला नंबर?"

"फ्लेक्सवरचा. संपर्कासाठी दिलाय ना? मी कन्फर्म करायला लावून बघितला. बाई म्हणते, कृपया नंबर तपासा."

"अहो, तो फोननंबर नाही. ती संख्या आहे."

"कशाची?"

"कशाची नाही. नुसती."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "ठीक आहे, पुढे आयएसडी टाकतो." त्याला त्यापासून परावृत्त करून मी सुटकेचा श्वास टाकतो तोच, "आणि शुभेच्छुक म्हणून कोणाकोणाचे फोटो?" कोणाचेच नाहीत म्हटल्यावर तो दुखावला. फ्लेक्सला खालची फोटोंची रांग नसली तर फ्लेक्स पडतो, अशी त्याच्या धंद्यातली समजूत असावी. नमुना त्याने कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. कोणीही न उघडता सतराच्या सतरा सभासदांनी अंगठे दाखवले. मी तेव्हा दादरला पुलाच्या जिन्यावर होतो, आणि तिथे खिशातून मोबाइल काढणं म्हणजे तो दान करणं.

फ्लेक्स आला तो थेट हॉलवर, कार्यक्रमाला दहा मिनिटं असताना. फोटोतल्या अण्णांना फ्लेक्सवाल्याने आपणहून काळा गॉगल चढवला होता. मागे डरकाळी फोडणारा वाघ. वर 'भावी' हा शब्द साच्यातून तसाच राहून गेला होता. एक्याऐंशीव्या वर्षी अण्णा भावी कोण, यावर जो तो आपापली शंका काढत होता. या सगळ्या आतषबाजीत खालच्या संख्येकडे कोणाचं लक्ष जाणार?

सूत्रसंचालन सेक्रेटरींच्या सूनबाईंकडे. ही संख्या वाचायची कशी, असं त्यांनी मला आदल्या दिवशी विचारलं होतं. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त दशमान स्थानांची नावं दिली आहेत, तीही प्रत्येक घराला वेगळं. त्यावरून मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. चिठ्ठी वाचून त्या म्हणाल्या, "काका, हे तर्पण आहे का?" आणि त्यांनी फ्लेक्सवर बघून सरळ एकेक अंक वाचायचं ठरवलं.

"एक," त्या माइकवर म्हणाल्या.

पुढच्या सतरंजीवर सोसायटीची झाडून सगळी पोरं होती. "दोन!" पोरं ओरडली. सूनबाईंना बरं वाटलं, असा प्रतिसाद निवेदिकेला सहसा मिळत नाही. तीन, चार, पाच. सगळा हॉल म्हणू लागला. सात, आठ, नऊ. आणि पोरांनी छपराला हादरा देत म्हटलं, "दहा!"

"आठ," सूनबाई म्हणाल्या.

"चुकलं! चुकलं!" पोरांनी टाळ्या पिटल्या. पण सात म्हटल्यावर त्यांना डाव कळला. ही रॉकेट सोडायची उलटी मोजणी आहे हे त्यांनी ओळखलं आणि ती उठून उभी राहिली. सहा, पाच, चार, तीन. आता दोन, मग एक, आणि मग उडायचं, म्हणून पोरं गुडघ्यांत वाकली.

"शून्य," सूनबाईंनी फ्लेक्सवर वाचलं. "शून्य."

पोरांना काही कळेना. निम्मी उडाली, निम्मी तशीच वाकलेली राहिली. मी फ्लेक्सकडे पाहिलं आणि भाच्याकडे पाहिलं. भाचा म्हणाला, "मामा, कॉम्प्युटर चुकत नाही." आणि अण्णांनी खुर्चीतून हात वर करून माइक मागितला.

सत्कारमूर्ती माइक मागतात तेव्हा लोक घड्याळ बघतात. आत मसालेभात वाफाळत होता, जिलब्यांचा वास येत होता. अण्णांनी गॉगल नसलेल्या डोळ्यांनी फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला. वाघाला त्यांनी सोडून दिलं.

"बेरीज अठ्ठ्याहत्तर येते," ते म्हणाले. "तीन वर्षं उशीर केलात."

हशा पिकला. अण्णा हसले नाहीत. हिशेब खात्यातल्या माणसाला तफावत सापडली की तो जेवत नाही, तफावत शोधतो. "ही डेमलोची दिसते," ते म्हणाले. "मग शेवटी दोन आणि एक हवेत. ताळा असा करायचा. मधला नऊ बाजूला ठेवा. त्याच्या डावीकडे १२३४५६७८. उजवीकडे ८७६५४३२१. करा बेरीज."

खजिनदारांनी मोबाइल काढला. "नव्याण्णव... सगळे नऊच आले. आठ नऊ."

"येणारच. मधे जो अंक, तोच बेरजेत सगळीकडे. डेमलोची ओळखच ती. छोटी घ्या, १२३२१. मधे तीन, आणि बारा अधिक एकवीस तेहतीस. आता हे तुम्ही जे छापलंय त्याची करा. उजवीकडे ८७६५४३००."

खजिनदारांनी केली. मग पुन्हा केली. मग मोबाइल सेक्रेटरींना दाखवला.

"९९९९९९७८."

"शेवटी किती?" अण्णांनी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर."

हे कसं झालं ते अण्णांनी लगेच सांगितलं : शेवटचे एकवीस गेले, म्हणून नव्याण्णवातून एकवीस गेले, अठ्ठ्याहत्तर उरले, आणि अंकांच्या बेरजेतून दोन आणि एक असे तीन गेले, एक्याऐंशीचे अठ्ठ्याहत्तर. दोन वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी आले, योगायोग. पण 'योगायोग' हा शब्द कोणाच्या कानात शिरला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी उभ्या राहिल्या होत्या. "मी म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या. त्यांनी गच्चीवरच्या वाऱ्याखेरीज काही म्हटल्याचं मला आठवत नाही. पण हॉलमधल्या निम्म्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या जन्मतारखा मोबाइलवर उतरवून त्यांच्याभोवती जमल्या, आणि पंगत अर्धा तास लांबली.

अण्णांनी खिशातलं पेन काढलं, स्टुलावर चढायचा प्रयत्न केला, घरच्यांनी ओढून उतरवलं. मग भाच्याला स्टुलावर चढवून त्याच्याकडून दोन्ही शून्यं खोडून घेतली आणि दोन व एक लिहून घेतले. गुळगुळीत फ्लेक्सवर पेन उमटेना, म्हणून ते शेवटी हळदी-कुंकवाच्या करंड्यातल्या कुंकवाने लिहिले. जेवताना अण्णा मला म्हणाले, "हिचे विभाजक पंचेचाळीस निघतात. मला वाटलं होतं जास्त असतील." आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला या संख्येचा उपयोग विचारला नाही. त्यांनी जिलबी मागितली.

कार्यक्रम संपल्यावर फ्लेक्स उतरवताना मी पाहिलं, तर खजिनदार ओल्या फडक्याने ते कुंकू हळूच पुसत होते.

"अहो, राहू दे ना. आत्ताच बरोबर झालंय."

"तळमजल्यावरच्या नानांना मार्गशीर्षात अठ्ठ्याहत्तरावं लागतंय," खजिनदार फ्लेक्सची गुंडाळी करत म्हणाले. "गॉगलमध्ये कोण आहे ते कोणाला कळतंय?"